झुंबर मिस्त्रींची बारा टोपणं

नगरच्या कापड बाजारात ब्लाउजचे हूक डोळ्याला भिंग लावून निवडणारं गिऱ्हाईक एकच होतं. आमच्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबचे मेकॅनिक, झुंबर मिस्त्री.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेही तिथेच. सत्तर सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. बी.एस्सी. होऊन मी त्या कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागणार होते. सोमवारी रुजू व्हायचं होतं आणि शनिवारी आई मला घेऊन ब्लाउजांचं कापड आणायला गेली होती. काउंटरपाशी पन्नाशीचा एक उंच, काटक माणूस उभा होता. खाकी पँट, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी आणि उजव्या डोळ्यात घड्याळजीचं भिंग. कागदावर टाचलेले हूक तो एकेक करून नखाने ताणून बघत होता.

"अहो मिस्त्री, हूक आहेत ते. सोनं नाही," दुकानदार म्हणाला.

"सोनं असतं तर बघितलं नसतं. पितळ हाय का, एवढंच बघतोय. बरं, ह्याच्यातनं किती मेगासायकल जातील?"

दुकानदार कपडे विकून मुरलेला होता. "काही जाणार नाही," तो म्हणाला, "रंगसुद्धा जाणार नाही."

मी आईच्या मागे सरकले. अनोळखी माणूस मोठ्याने बोलू लागला की आईच्या मागे सरकायची माझी सवय जुनी. कॉन्व्हेंटमध्ये अकरा वर्षं काढल्यावर मला इंग्रजीत निबंध लिहिता येत होता, पण टांगेवाल्याला "थांबा" म्हणायला धीर होत नव्हता.

सोमवारी लॅबमध्ये गेले तर तोच माणूस स्टुलावर बसून पितळेचा एक इवलासा तुकडा कानशीने घासत होता. तो मला ओळखणार नाही याची मला खात्री होती. मला सहसा कोणी ओळखत नाही.

"ताई," मान वर न करता ते म्हणाले, "शनिवारी तुमच्या आईसाहेबांनी डाव्या डब्यातले हूक घेतले. लोखंड हाय ते. वरनं मुलामा. दोन धुन्यात गंजत्याल."

घरी सांगितल्यावर आई भडकली. माझे हूक बघायचं त्याला काय कारण, म्हणाली. दोन धुण्यांनंतर तिच्या नव्या ब्लाउजवर तांबूस डाग पडले. तेव्हापासून आई हूक आणले की मला हुकूम करायची, "मिस्त्रींना दाखवून आण." आणि मी, नगरची एक भिडस्त मुलगी, पर्समध्ये हुकांचे कागद घालून फिजिक्सच्या लॅबमध्ये जाऊ लागले.

आता एका फिजिक्स लॅबच्या मेकॅनिकला ब्लाउजचे हूक कशाला लागतात, ते सांगायला हवं.

आमच्या लॅबमध्ये एक सीआरओ होता. ऑसिलोस्कोप. मेगासायकलमध्ये मोजतात ती विजेची लाट डोळ्यांना दाखवणारं यंत्र: छोटा गोल हिरवा पडदा आणि खाली वीसेक बटणं. सर्किटमधली लाट त्या पडद्यापर्यंत नेते ती वायर लावलेली, पेनासारखी वस्तू म्हणजे प्रोब. पेनाला निब तशी प्रोबला पुढची टोकं. कुठे टोचायचं असतं, कुठे अडकवायचं, कुठे नुसतं टेकवायचं. काम बदललं की टोक बदलायचं. सीआरओबरोबर अशी परदेशी टोकं दोनच आली होती. एक पहिल्याच वर्षी स्टुलाच्या पायाखाली चिरडलं. दुसरं आमचे विभागप्रमुख धर्माधिकारी सर यांनी कापसात गुंडाळून स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवलं. ते इतकं सुरक्षित होतं की त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता.

मुंबईच्या कंपनीला पत्र गेलं. चार महिन्यांनी उत्तर आलं: आमच्या परदेशातल्या कंपनीला विचारून कळवतो. त्यानंतर काही कळलं नाही. मिस्त्रींनी ते पत्र सरांकडून वाचून घेतलं, घडी करून परत दिलं आणि आठ दिवसांनी पहिलं टोक बनवून टेबलावर ठेवलं.

तेव्हापासून त्यांना कुणी काहीही काम सांगितलं, गॅल्व्हानोमीटरचा काटा सरळ करायचं असो की सरांच्या घरचा रेडिओ असो, त्यांचं उत्तर ठरलेलं. "कंपनीला ईचारून सांगतो." मग ते आपले दोन्ही हात समोर धरत, उलटसुलट करून बघत आणि म्हणत, "कंपनी व्हय म्हनती."

त्या टोकांना ते टोपणं म्हणत, कारण ती प्रोबच्या नाकावर टोपणासारखी बसत. अशी बारा टोपणं त्यांनी केली होती. सायकलच्या चाकाची तार रिमला जिथे जोडतात, तिथे एक पितळी बोंड असतं. सायकलवाल्यांचा त्याला इंग्रजी शब्द आहे. मिस्त्री माझ्यासमोर "बोंड"च म्हणत. त्या बोंडात हातड्रिलने प्रोबच्या मापाचं भोक पाडायचं. दुसऱ्या बाजूला शिवणाची सुई, ग्रामोफोनची सुई नाहीतर ब्लाउजचा हूक डाख देऊन बसवायचा. वरून सिव्हिल हॉस्पिटलातल्या कंपाउंडरकडून मागून आणलेली सलाईनची नळी, बोटाला शॉक लागू नये म्हणून. सगळं मिळून करंगळीच्या पेरापेक्षा लहान. एकेका टोपणाला चार-चार दिवस लागत. नववं करताना, सर सांगत, मिस्त्रींनी सतरा बोंडं फेकून दिली होती.

मिस्त्री आधी लष्कराच्या वर्कशॉपमध्ये होते. वायरलेस सेट दुरुस्त करायचे. गाव पारनेर तालुक्यातलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण सर्किटचा नकाशा ते आपल्या गावचा रस्ता सांगावा तसा वाचत. "हितनं निघायचं, ह्या कंडेन्सरपाशी वळायचं, म्होरं ओढा लागतो, तिथं पानी हाय का बघायचं."

टोपणांना त्यांनी नात्यातली नावं दिली होती. लांब सुईचं, कुठेही नाक खुपसणारं टोपण म्हणजे "आत्याबाई". हुकाचं, एकदा अडकलं की सोडतच नाही ते "थोरली जाऊ". एक जाडं, चकचकीत टोपण होतं. ते नाजूकपणे धरावं लागे, जरा काही झालं की रुसे. ते "जावई". प्रॅक्टिकल चालू असताना लॅबच्या कोपऱ्यातून हाक यायची, "मिस्त्री, आत्याबाई कुठेत?" आणि मिस्त्री शांतपणे उत्तर द्यायचे, "चार नंबरच्या टेबलावर. जावयाला सोडा, त्याला घाम आलाय."

या नातेसंबंधांच्या मुळाशी माझाच एक शब्द होता. पहिल्या आठवड्यात मी एक टोपण हातात घेऊन, पुस्तकात वाचलं तसं सरळ विचारलं, "मिस्त्री, यातली फीमेल साइड कुठली?"

मिस्त्रींच्या हातातून सोल्डरिंग आयर्न पडलं. ते पंख्याकडे बघू लागले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. माझ्या लक्षात येईना की मी काय चुकीचं बोलले. फिजिक्सच्या सगळ्या पुस्तकांत प्लगला मेल आणि सॉकेटला फीमेलच म्हटलेलं होतं. शेवटी पंख्याकडेच बघत ते म्हणाले, "ताई, हे भोकाचं टोक हाय ना, हे प्रोबला बसतं. हे माहेर. आनि हे जे सर्किटला लागतं, ते सासर."

"बरं," मी म्हणाले.

"माहेर घट्ट पायजे. सासर हलकं. सासरला नुसतं टेकायचं, जोर द्यायचा न्हाई. येवढं संभाळलं की लाट सरळ येती."

हे शब्द लॅबमध्ये इतके रुळले की एका मुलाने जर्नलमध्ये इंग्रजी वाक्यात मधोमध 'माहेर' लिहिलं. बाहेरच्या परीक्षकांनी लाल पेनाने त्याखाली प्रश्नचिन्ह काढलं. मिस्त्रींना ते दाखवल्यावर त्यांना फार वाईट वाटलं. परीक्षकांबद्दल.

ते आपली चूक कधी कबूल करत नसत. एकदा सीआरओच्या मागचा एक स्क्रू ढिला राहिला. तो शेवटी मिस्त्रींनीच बसवला होता, हे शिपायापासून सरांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. मिस्त्रींनी तीन आठवडे वाद घातला. आधी व्होल्टेज कमी होतं. मग रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जातात, त्याने इमारत हलते. शेवटी म्हणाले, "सर, स्क्रू बराबर हाय. भोक मोठं झालंय." सरांनी हात जोडले.

दुपारी ते भाकरीचा डबा उघडत. भाकऱ्या चौकोनाकडे झुकलेल्या असत, एक कड जाड, एक करपलेली. "घरी कोण असतं, मिस्त्री?" मी एकदा धीर करून विचारलं.

"कंपनी," ते म्हणाले आणि चटणीत तेल घातलं.

बारा टोपणं राहायची सात वर्षांपूर्वी मिस्त्रींनी घरून आणलेल्या एका लाकडी पेटीत. सागवानी, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा. मला वाटलं, आरसा टोपणाची मागची बाजू बघण्यासाठी असणार, आणि मिस्त्री तो तसा वापरतही. मुलं म्हणत, मिस्त्री रोज सकाळी लॅबमध्ये येऊन पावडर लावतात. आईला मी त्या पेटीचं वर्णन केलं तर ती म्हणाली, "अगं, ती फणेरपेटी. बायकांची. फणी, मेण ठेवायचं, आणि गोल खळग्यात कुंकवाचा करंडा."

पेटीत लाकडी फळीला भोकं पाडून बारा घरं केली होती आणि त्यांत टोपणं सासर खाली, माहेर वर अशी उभी असत. उजव्या कोपऱ्यात एक गोल खोलगट जागा मात्र रिकामी होती. एकदा एका मुलाने तिथे दोन स्क्रू टाकले. मिस्त्रींनी ते चिमट्याने उचलून त्याच्या हातावर ठेवले.

"तिथं न्हाई ठेवायचं."

"अहो पण जागा रिकामी आहे."

"भरलेली हाय," मिस्त्री म्हणाले, आणि तो विषय तिथेच संपला.

माझ्या दुसऱ्या वर्षी विद्यापीठाची समिती यायची ठरली. कॉलेजला इलेक्ट्रॉनिक्स हा विषय सुरू करायचा होता आणि लॅब त्या लायकीची आहे का, हे पुण्याहून तीन जण येऊन बघणार होते. धर्माधिकारी सरांनी महिनाभर आधीपासून भिंतींना रंग द्यायला लावला. मग एके दिवशी ते मिस्त्रींच्या टेबलापाशी आले.

"मिस्त्री, त्या दिवशी ही पेटी आत ठेवा. समितीसमोर ब्लाउजचे हूक नकोत. मी कपाटातलं ओरिजिनल टोक काढून देतो."

मिस्त्री उठून उभे राहिले. सरांसमोर ते एरवी बसूनच बोलत.

"सर, अकरा वर्सं झाली. ज्याला यातलं कळतंय आशा मानसानं आजून एकदाबी हे बघितलेलं न्हाई. एकदा बघू द्या. चांगलं न्हाई म्हनले तर म्हनू द्या."

सरांनी पेटीकडे पाहिलं, मग मिस्त्रींकडे. सर वाईट माणूस नव्हते, फक्त घाबरट होते, आणि त्या बाबतीत मी त्यांना समजू शकत होते. "ठेवा टेबलावर," ते म्हणाले. "पण त्यापायी काही उलटंसुलटं झालं, तर ही पेटी मला पुन्हा लॅबमध्ये दिसता कामा नये."

"मंजूर," मिस्त्री म्हणाले.

त्यानंतर ते रोज तासभर लवकर येऊ लागले. एकेक टोपण प्रोबवर चढवायचं, पडद्यावरची चौकोनी लाट नीट चौकोनीच दिसते का बघायचं, उतरवायचं. बाराही. रोज.

समितीच्या दोन दिवस आधी खंडेनवमी आली. लॅबमध्ये दरवर्षी हत्यारांची पूजा होई. हिरव्या कापडावर कानस, पक्कड, हातड्रिल, सोल्डरिंग आयर्न. सीआरओला झेंडूची माळ. शिपाई नारळ फोडायचा आणि सगळ्यांना हळद-कुंकू लावायचा. पेटीला मात्र हात लावायची त्याला परवानगी नव्हती. मिस्त्री तिच्यावर स्वतः एक फूल ठेवत, तेवढंच.

त्या वर्षी शिपाई पुढे झाला तसे मिस्त्री म्हणाले, "थांब. पेटीला ताई लावतील."

"मी?" मी मागे सरकले. घरी हे सगळं आई करायची. मी कॉन्व्हेंटच्या होमवर्कच्या नावाखाली सुटायचे. "मला येत नाही, मिस्त्री."

"त्यात काय यायचंय? घरची लेक लावती तसं लावायचं."

बाटल्यांच्या दोन झाकणांत त्यांनी हळद आणि कुंकू पाण्यात कालवून ठेवलं होतं. मी अनामिका बुडवली. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की फॉर्म भरताना एकही चौकोन रिकामा सोडायचा नाही. मी त्याच निष्ठेने सुरुवात केली. पेटीच्या झाकणाला, कडीला, चारी पितळी कोपऱ्यांना. मग झाकण उघडलं आणि आतल्या बारा टोपणांना, वाढदिवसाच्या मेणबत्त्यांसारखी ती उभी होती, प्रत्येकाच्या अगदी माथ्यावर. आधी हळद, मग कुंकू. ठसठशीत.

मिस्त्रींचं तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी हात जोडलेले होते. मला वाटलं, काही मंत्र म्हणत असतील.

हत्यारं नवमीला आणि दसऱ्याला उचलायची नसतात. एकादशीला मिस्त्री सकाळी नवाला आले, टोपणं बाहेरून पुसून घेतली आणि तपासायला सीआरओ चालू करणार तोच दारात मोटार थांबली. समिती बाराला येणार होती. ती साडेनऊला आली, कारण त्यांना संध्याकाळच्या आत पुण्याला परतायचं होतं.

तीन जण होते. दोघे भिंतींचा रंग बघत होते. तिसरे म्हातारे प्राध्यापक, जाड भिंगांच्या चष्म्याचे. ते सरळ सीआरओपाशी आले. पेटी बघून ते वाकले. "ही काय भानगड?"

"प्रोबची टोकं, सर," धर्माधिकारी सर म्हणाले. "आमच्याकडेच केलेली आहेत." आवाज असा की जणू टोकं आपोआप उगवली असावीत.

"छान. लावा बघू एक. चौकोनी लाट दाखवा."

यंत्र मी चालवायचं होतं. मिस्त्रींनी पेटीतून "आत्याबाई" काढून माझ्या हातात दिली. त्यांचा सदरा नवा होता, इस्त्रीच्या घड्या दिसत होत्या. मी टोपण प्रोबवर बसवलं, सर्किटला टेकवलं आणि पडद्याकडे पाहिलं.

लाट चौकोनी नव्हती. मुळात लाटच नव्हती. हिरवी रेघ जखमी गांडुळासारखी वळवळत होती. मी टोपण बदललं. थोरली जाऊ. तेच. जावई. तेच. लॅबमध्ये कुणीतरी खाकरलं.

"हे घरगुती प्रकरण बाजूला करा," म्हातारे प्राध्यापक म्हणाले. रागाने म्हणाले नाहीत, आणि त्यानेच जास्त लागलं. "मुलांचे हात अशा वस्तूंवर तयार नाही होत. ओरिजिनल आहे ना?"

सर कपाटाकडे धावले. मिस्त्री पुढे आले. माझ्या हातातून त्यांनी टोपण घेतलं, डोळ्याला भिंग लावलं आणि माहेराच्या भोकात पाहिलं. मग खिशातली सुई आत घालून फिरवली. भोकातून लाल-पिवळी भुकटी त्यांच्या अंगठ्यावर पडली.

मी पाहिलं. मी काय केलं होतं ते मला तेव्हा कळलं. बाहेरून पुसलं गेलं, पण आत गेलेला थेंब दोन दिवसांत वाळून कडक झाला होता आणि पितळ पितळेला लागतच नव्हतं. बाराच्या बारा भोकं मीच बुजवली होती.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मग अंगठा मुठीत मिटला आणि हात पाठीमागे घेतला.

"साहेब," ते म्हणाले, "चूक माझी हाय. माझ्या हातचं काम कच्चं ऱ्हायलं."

एका ढिल्या स्क्रूसाठी तीन आठवडे भांडलेला माणूस हे बोलत होता. उसाच्या ट्रॉल्या नाहीत, व्होल्टेज नाही. शिपाई तोंड उघडं ठेवून बघत राहिला. मिस्त्रींनी टोपण घरात ठेवलं आणि पेटीचं झाकण लावायला घेतलं.

मी हात वर केला.

शाळेत बोलण्याआधी हात वर करावा लागे. मी, बावीस वर्षांची डेमॉन्स्ट्रेटर, तीन प्राध्यापकांसमोर, पहिलीतल्या मुलीसारखी हात वर करून उभी होते. म्हाताऱ्या प्राध्यापकांनी चष्म्यावरून पाहिलं. "येस?"

घाबरले की मला मराठी सुचत नाही. "सर, देअर इज कुंकू इन इट."

"कुंकू? इन व्हॉट?"

"इन एव्हरीथिंग, सर. आय पुट इट."

"ताई, गप बसा तुमी," मिस्त्री दबक्या आवाजात म्हणाले. "साहेब, त्यांचं काय ऐकू नका. ल्हान हायेत."

पण मला आता थांबता येईना. आणि बोलता बोलता मी मराठीवर आले. "मिस्त्रींचं काम कच्चं नाही. परवा खंडेनवमीला मी ओलं कुंकू लावलं आणि ते माहेरात गेलं. बाराही टोपणांच्या. फक्त पाच मिनिटं द्या. स्पिरिट आहे आमच्याकडे."

मग म्हाताऱ्या प्राध्यापकांनी हात पुढे केला. मिस्त्रींना पेटी उघडावी लागली. प्राध्यापकांनी एक टोपण घेऊन खिडकीपाशी नेलं, आत पाहिलं, वासही घेतला.

"आमच्याकडे," ते गंभीरपणे म्हणाले, "आमची मंडळी माझ्या टाइपरायटरला लावतात. दिवाळीपर्यंत मला 'ए' आणि 'एस' वापरता येत नाहीत. स्पिरिट आणा."

शिपाई कापूस घेऊन आला. तार, कापूस, स्पिरिट. मिस्त्रींचे हात चालू लागले तसे ते तिघंही खुर्च्या ओढून बसले. आत्याबाई साफ झाली. मी ती बसवली, टेकवली. जोर दिला नाही.

पडद्यावर लाट उभी राहिली. चौकोनी, कोपरे काटकोनात, नव्या पायऱ्यांसारखी.

तोवर सर कापसात गुंडाळलेलं परदेशी टोक घेऊन आले होते. प्राध्यापकांनी ते पेटीशेजारी ठेवलं आणि मला म्हणाले, "मी पाठ फिरवतो. यांतलं कुठलंही लावा. मी फक्त पडदा बघणार, हात झाकून ठेवा." आम्ही आठ वेळा लावलं. आठांपैकी चार वेळा त्यांना बरोबर ओळखता आलं. "म्हणजे ओळखता येत नाही," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले. मग विचारलं, "हे 'माहेर' म्हणजे कुठलं टोक?"

मिस्त्री पंख्याकडे बघू लागले. मीच सांगितलं. माहेर घट्ट, सासर हलकं. प्राध्यापकांनी टोपण बोटांत फिरवून बघितलं. "इतकं नीट मला कुठल्या पुस्तकात वाचायला मिळालेलं नाही. आमच्या विभागासाठी अशी सहा करून द्याल?"

मिस्त्रींनी दोन्ही हात समोर धरले. उलटसुलट करून बघितले. एका अंगठ्यावर अजून लाल होतं.

"कंपनीला ईचारून सांगतो," ते म्हणाले.

जाण्याआधी प्राध्यापकांनी कागदावर काही लिहिलं. मी समोरून उलटं वाचलं. मोटार गेल्यावर मिस्त्रींनी विचारलं, "काय लिव्हलं?"

"साहित्य प्रयोगशाळेतच बनवलेलं. उत्तम."

"नाव?"

"नाव नाही लिहिलं."

"बराबर," मिस्त्री म्हणाले. "कंपनीचं नाव आपन कुनाला सांगत न्हाई." आणि स्टुलावर बसून त्यांनी कानस उचलली, पण बराच वेळ ती तशीच हातात होती. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला. आमच्या लॅबचा, मिस्त्रींचा. घरी जाताना मी टांगेवाल्याला मोठ्याने "थांबा" म्हणाले आणि तो थांबला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडलं. पहिल्याच प्रॅक्टिकलला मला टोपण हवं होतं. मिस्त्री पलीकडच्या टेबलावर होते, म्हणून मीच पेटी उघडली. बारा घरांत बारा टोपणं लखलखीत उभी होती. त्यांतलं एक अगदी नवं दिसत होतं, पितळेवर अजून हाताचा डाग नव्हता.

आणि उजव्या कोपऱ्यातल्या त्या गोल जागेत एक तेरावं पडलं होतं. जुनी आत्याबाई. साफ केलेल्या तिच्या माथ्यावर पुन्हा काही लावलेलं नव्हतं, पण सलाईनच्या नळीवर, कडेला, माझ्या बोटाची एक पुसट लाल रेघ राहिली होती. तेवढी कुणी पुसली नव्हती.

मी ती उचलायला हात घातला.

"ते न्हाई, ताई," मागून मिस्त्री म्हणाले. "ते चालत न्हाई."

चालत होतं. समितीसमोर मीच तर चालवलं होतं. "थोडं कुंकू राहिलंय नळीला," मी म्हणाले. "स्पिरिटने पुसून देते."

"नगं." ते जवळ आले. आरशात त्यांचा चेहरा दिसत होता, टोपी, भिंग आणि खाली ती गोल जागा. "ऱ्हाऊ द्या. सात वर्सांनी लागलंय."

मी दुसरं टोपण उचललं आणि प्रोबवर बसवलं. ते घट्ट बसलं.